सल्ला हवा: वीजवाहिन्यांची माहिती खात्रीची नसताना व्होल्टेज नियंत्रण कसे करावे?

वाहिनीशोधक:
सौर संच मोठ्या प्रमाणावर जोडलेल्या फीडरसाठी (उपकेंद्रातून ग्राहकांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीसाठी) सौर इन्व्हर्टरच्या रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरवर (प्रत्यक्ष काम न करता मागेपुढे फिरणाऱ्या, पण व्होल्टेज हलवणाऱ्या पॉवरवर) आधारित व्होल्टेज नियंत्रणाचा आराखडा करत आहे. तारांची लांबी, जाडी आणि सांधे यांच्या नोंदी मात्र भरवशाच्या नाहीत. आधी मीटरच्या नोंदींवरून तारांचे रेझिस्टन्स (विद्युतरोध) व रिअ‍ॅक्टन्स (एसी प्रवाहाला चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा अडथळा) काढावेत, की अनिश्चितता गृहीत धरूनच नियंत्रक निवडावा? जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

रोहित्र:
मी दुसरा पर्याय सुचवेन. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा रेझिस्टन्स तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे २५ अंशांवरची तार भाराखाली ७५ अंशांवर गेली की चोख नोंदीतला आकडाही २० टक्क्यांनी चुकतो. म्हणून प्रत्यक्ष मोजलेले व्होल्टेज पाहून रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर थोडीथोडी बदलत नेणारा नियंत्रक घ्यावा. इन्व्हर्टरची क्षमता संपत नाही तोवर तो इष्ट व्होल्टेजवरच स्थिरावतो, रिअ‍ॅक्टन्स काहीही असो. रिअ‍ॅक्टन्सवरून फक्त प्रत्येक बदल किती मोठा असावा एवढेच ठरते. त्यासाठी रिअ‍ॅक्टन्सची वरची मर्यादा पुरते. ती जास्त धरली गेली तर प्रतिसाद मंदावेल इतकेच, पण कमी धरली गेली तर व्होल्टेज हेलकावे खाऊ लागेल.

तीनफेजी:
रोहित्र यांच्याशी सहमत आहे, तरी आकड्यांपेक्षा जोडणीची चूक अधिक घातक ठरते. ग्राहक तीनपैकी कोणत्या फेजवर आहे हेच चुकीचे नोंदले असेल, तर एका फेजवर केलेला उपाय दुसऱ्या फेजचे व्होल्टेज उलट दिशेने हलवू शकतो. तेव्हा मीटरच्या नोंदी आधी या कामी लावा: एकाच फेजवरील मीटरची व्होल्टेज बरोबरीने चढतात-उतरतात, त्यावरून गट पाडता येतात. रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स वेगवेगळे काढण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, पॉवरचे एकूण पॉवरशी प्रमाण) जवळजवळ स्थिर असेल तर अ‍ॅक्टिव्ह आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर एकत्रच बदलतात आणि दोहोंचा परिणाम सुटा करता येत नाही. शिवाय लघुदाब (घरांपर्यंत जाणाऱ्या कमी व्होल्टेजच्या) वाहिनीत रेझिस्टन्सच वरचढ असतो. तिथे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरने फारसे साधत नाही आणि कधी सौर उत्पादनच थोडे कमी करावे लागते.

वाहिनीशोधक:
आभारी आहे. उपकेंद्रातील टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारे यंत्र) तसाच चालू ठेवावा का?

रोहित्र:
ठेवावा, मात्र त्याचा विलंब अर्ध्या-एक मिनिटाचा असू द्या आणि इन्व्हर्टर त्याआधी स्थिरावतील असे पाहा. दोघांचा वेग सारखा झाला तर ते एकमेकांच्या दुरुस्त्या पुसत राहतात आणि टॅपची झीज नाहक वाढते.