फिंच, कॉकाटिलबरोबर लव्हबर्ड चालतील का?

कोल्हापुरात राजारामपुरीत गच्चीवर पक्ष्यांसाठी मोठी जाळी बांधलीय. झेब्रा फिंच (चिमणीसारखे इवलेसे पक्षी) आणि कॉकाटिल (तुरेवाले छोटे पोपट) गुण्यागोविंदानं राहतात. पोरीला आता आफ्रिकन लव्हबर्डची जोडी पाहिजे. आत सोडू का?

उत्तर १: अजिबात नको, भावा! जाळीला लटकलेल्या फिंचच्या पायाची बोटं लव्हबर्ड चावून तोडतो. पिंजरा वेगळाच कर, आणि दोन जाळ्या एकमेकींना चिकटवू नकोस. चोच पलीकडं पोचते. जोडी अंड्यावर आली की आणखी चवताळते. बिचारी फिंच केवढीशी!

उत्तर २: सहमत. नवी जोडी महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवा, विष्ठेवर लक्ष द्या. कॉकाटिलच्या पिसांची पांढरी भुकटी झडते, ती कोंडली की पक्ष्यांना श्वासाचा त्रास होतो, म्हणून आपल्या पावसाळ्यात ताडपत्रीनं सगळं गच्च झाकू नका, हवा खेळती ठेवा. आणि कुणी देशी पोपट, मुनिया देतो म्हटलं तरी घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.