ई-सायकलला रस्त्यात जागा द्यायची की नाही?

भांडुपकर:
वर्षभर टेंभीपाड्यावरून भांडुप स्टेशनला ई-सायकलनेच जातोय. आधी संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेतच वीसेक मिनिटं जायची. आता पायडल मारत निघतो, चढ आला की मोटरचा हात घेतो, घामाघूम न होता घरी. बॅटरी काढून वर नेतो, साध्या प्लगवर चार्ज होते. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की नोंदणी नको, लायसन्स नको. दोन किलोमीटरसाठी एकट्या माणसाने टनभर लोखंड का हलवावं? तरी बीकेसीतला (वांद्रे-कुर्ला संकुलातला) सायकल ट्रॅक काढून गाड्यांना लेन द्यायचं २०२५ मध्ये ठरलं. फार वाईट वाटलं.

घाटकोपर_पूर्व:
माझा विरोध आहे. जूनमध्ये आमच्या गल्लीत उलट्या बाजूने आलेल्या डिलिव्हरीवाल्याच्या ई-स्कूटरने आईला उडवलं. मनगट मोडलं. गाडीला आवाजच नाही, वळून बघणार कशी? नंबरप्लेटही नव्हती, तक्रार कुणाविरुद्ध करायची? आधी फुटपाथ द्या, मग सायकलींचं बघू. बीकेसीतला ट्रॅक तरी कोण वापरत होतं?

सायन_कोळीवाडा:
तुमच्या आईंना लवकर बरं वाटो. पण ट्रॅक ओस पडला कारण तिथवर सायकलने पोचायलाच वाट नव्हती. सायनहून बीकेसीला सायकल काढून बघा, बस अंगावर येते. आणि डिलिव्हरीच्या पोरांना पैसे ऑर्डरमागे मिळतात, म्हणून ती उलटी घुसतात. वेगाची मर्यादा काढून गाड्या देणाऱ्या दुकानदारांना आधी धरा.

मुलुंड_सोसायटी:
मी सेक्रेटरी आहे. जिन्याखाली रात्रभर बॅटऱ्या चार्जिंगला असतात, वायर पायरीवरून. आग लागली तर वरच्या सात मजल्यांनी उतरायचं कुठून? मी तिथलं चार्जिंग बंद केलं, शिव्या खाल्ल्या. पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर आणि पॉइंट घ्यायची तयारी आहे, पण खर्चाचा विषय निघाला की सभेत सगळे गप्प.

भांडुपकर:
जिन्याखाली चार्जिंग नकोच, पटलं. घाटकोपर, नंबरप्लेट नसलेल्या जोरदार गाड्या पकडायलाच हव्यात, त्यांच्यामुळे आम्हीही बदनाम होतो. मी महापालिकेच्या एस वॉर्ड ऑफिसला पत्र देतोय: भांडुप स्टेशनबाहेर मोटारसायकली लागतात तिथेच, साखळी अडकवता येईल असा वीस सायकलींचा लोखंडी स्टँड. सह्या हव्यात.

घाटकोपर_पूर्व:
फुटपाथची एक फरशीही घेणार नाही असं पत्रात लिहा, मग सही देते. आईची फिजिओथेरपी अजून चालू आहे.