एल्बफिलहार्मनी: प्लाझा पाहून भागतं का?

बी-२०४, काकू: नोव्हेंबरात लेकीकडं जर्मनीत हॅम्बुर्गला जायलोत. ते नदीवरचं काचेचं मैफलघर, एल्बफिलहार्मनी, वरच्या गॅलरीतून पाहिलं की झालं म्हणतात. खरंच भागतं का तेवढ्यात? काकांच्या गुडघ्याचंही बघावं लागतंय.

सी-३०२: नाही भागत, काकू. ती गॅलरी म्हणजे प्लाझा. ३७ मीटर उंचीवर आहे, चौफेर फिरून बंदर बघता येतं, पण सभागृह त्याच्याही वर. आत बसायचं तर मैफलीचं तिकीट काढा, किंवा मार्गदर्शकासोबतची फेरी घ्या. तालीम चालू असली तर फेरीत मोठं सभागृह दाखवत नाहीत, हे आधी विचारून घ्या.

जायची रीत अशी. यू-३ मेट्रोनं बाउमवाल स्टेशन, तिथून थोडं चालणं. दारातून आत गेलं की ८२ मीटरचा सरकता जिना. तो कमानीसारखा वाकवलेला आहे, म्हणून खालून वरचं टोक दिसतच नाही. अडीचेक मिनिटं लागतात. पुढं बंदराकडची मोठी खिडकी, मग छोटा सरकता जिना, मग प्लाझा. काकांसाठी लिफ्ट आहे, दारावरच विचारा. मैफलीचं तिकीट असलं तर प्लाझाचं वेगळं लागत नाही.

डी-४०५: खालचा विटांचा भाग जुना आहे ना?

सी-३०२: हो, १९६० च्या दशकातलं गोदाम. कोको, चहा, तंबाखू ठेवायचे. हेर्झोग आणि द म्यूरों या स्विस वास्तुरचनाकारांनी त्याच्यावर काचेची इमारत चढवली, एकूण उंची ११० मीटर. जुन्या पायात १,१११ खांब होते, नव्या वजनाला पुरेनात म्हणून आणखी ६५० घातले. शहराचा वाटा ७.७ कोटी युरो धरला होता, तो ७८.९ कोटींवर गेला. उघडलं ११ जानेवारी २०१७ ला.

ए-१०१, सर: आता आतलं सांगतो, कारण खरं काम तिथं आहे. आसनं २,१००. मंच जवळजवळ मधोमध आणि भोवती चढत गेलेले टप्पे, डोंगरउतारावर ताली घातल्यासारखे. याला द्राक्षमळ्याची रचना म्हणतात, १९६३ च्या बर्लिन फिलहार्मनीपासून ती रूढ झाली. वाद्यवृंदाच्या संचालकापासून ३० मीटरच्या पलीकडं एकही खुर्ची नाही.

डी-४०५: मग मंचामागची घ्यावीत का सर? तिकडून संचालकाचा चेहरा दिसतो.

ए-१०१, सर: नुसत्या वाद्यवृंदाला जरूर घ्या. फक्त हॉर्न या पितळी वाद्याचं तोंड मागं असतं, त्यामुळं तिकडं तो जास्त ऐकू येतो. गायन असेल तर मात्र मागं बसू नका. गळ्यातले खर्जाचे स्वर सगळीकडं पसरतात, पण शब्द ज्यांच्यामुळं कळतात ती व्यंजनं गायकाच्या तोंडासमोरच जातात. जानेवारी २०१९ मध्ये एका नामवंत गायकाच्या मैफलीत मागच्या लोकांनी ऐकू येत नाही म्हणून तिथंच आवाज उठवला होता.

बी-११०, ताई: भिंतींवर शिंपल्यासारखे खळगे कामून केलेत?

ए-१०१, सर: ताई, आपल्याकडं वेरूळचं दहावं लेणं आठवा. गुळगुळीत दगड आणि कमानीचं छत, तिथं सूर लावला की किती वेळ घुमत राहतो. एका स्वराला ते शोभतं, पण शंभर वाद्यं असली तर सगळा काला होईल. म्हणून ध्वनितज्ज्ञ यासुहिसा तोयोता यांनी आधी १:१० आकाराची प्रतिकृती करून आवाज तपासला. भिंतींना जिप्सम आणि कागदाच्या तंतूंचे सुमारे १०,००० पॅनेल लावले, प्रत्येक वेगळं कोरलेलं. खळग्यांवर आदळून आवाज विखुरतो, एकाच जागी परत येत नाही. पॅनेल जडही हवेत, हलके असते तर खर्जाबरोबर स्वतःच थरथरले असते.

सी-३०२: आणि हे अख्खं सभागृह ३६२ स्प्रिंग-संचांवर ठेवलेलं आहे. बाहेर जहाजांचे भोंगे, त्याच इमारतीत हॉटेल. आतलं कवच बाहेरच्या सांगाड्याला भिडलेलं नाही, म्हणून कंपन आत येत नाही.

ए-१०१, सर: याचा उलटा त्रासही आहे. एवढ्या शांततेत खोकल्याची गोळी उघडतानाचा चुरचुर आवाजसुद्धा समोरच्या टप्प्यावर पोचतो. वेष्टन आधीच काढून ठेवा. माइकवरच्या कार्यक्रमापेक्षा बिनमाइकचा वाद्यवृंद निवडा. ऑर्गन असेल तर फारच उत्तम, ४,७६५ नळ्यांचा आहे. आसनांलगतच्या नळ्यांना हात लावलेला चालतो, त्यावर तसा लेप दिलाय.

बी-२०४, काकू: आणि गुडघे?

सी-३०२: आतल्या पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत. तिकिटावर मजला, दार आणि ब्लॉकचं अक्षर असतं. लिफ्टनं त्याच मजल्यावर उतरा, चुकीच्या मजल्यावर उतरलं की उगाच जिने चढावे लागतात. खुर्ची रांगेच्या टोकाची आणि दारापासून कमीत कमी पायऱ्यांची मागा. तिकिटं संपलेली दिसली तरी अधिकृत संकेतस्थळ रोज उघडून बघा, परत आलेली मधूनमधून दिसतात. दुसऱ्याकडून चढ्या भावानं घेऊ नका. आणि पाऊण तास आधी पोचा, कोट जमा करायलाच रांग असते. सुरू झाल्यावर दार लगेच उघडत नाहीत.

बी-२०४, काकू: लेकीला आजच कळवते. वाद्यवृंद, टोकाची खुर्ची.