जुना डेस्कटॉप: काय ठेवू, काय बदलू? (साउंड कार्ड जाणार नाही)

कॅसेटवाली

नमस्कार मंडळी,

आधी यादी देते, म्हणजे "कॉन्फिगरेशन टाका" यात निम्मे प्रतिसाद जाणार नाहीत. इंटेल कोअर आय५-४४६०, बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच स्टिक (स्लॉट चार आहेत), १ टीबीची ७२०० आरपीएम हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कॅबिनेटबरोबर आलेलाच. विंडोज १०, ६४ बिट. मशीन २०१४ च्या शेवटी जोडलेलं. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ साउंड कार्ड. पीसीआय. पीसीआय एक्स्प्रेस नव्हे, जुन्या लांबड्या पीसीआय स्लॉटात बसणारं.

काम एकच: घरातल्या आणि नातेवाइकांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवायच्या, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये साफ करायच्या, ज्याच्या त्याला द्यायच्या. कॅसेट डेकची वायर थेट कार्डाच्या आरसीए सॉकेटला जाते. बोर्डावरच्या निळ्या लाइन-इनमधून तीच कॅसेट घेऊन ऐकली तर मागची खरखर कोणालाही ऐकू येईल, त्याला तयार कान लागत नाही. म्हणून कार्ड जाणार नाही. यावर चर्चा नको.

दुखणं असं. मशीन सुरू होऊन हाताशी यायला फार वेळ घेतं. ब्राउजर उघडा असेल तर रेकॉर्डिंग मध्येच तुटतं आणि मग कॅसेटची ती बाजू पहिल्यापासून. पन्नाशीला टेकलेल्या टेप परत परत फिरवायला मला धीर होत नाही. हल्ली हार्डडिस्क कुरकुरायला लागली की रेकॉर्डिंगमध्येही बारीक किरकिर येते असाही संशय आहे.

भाचा म्हणतो, "मावशी, हे सगळं टाक, नवं घे." त्याला गेम खेळायचे असतात, मला नाही. यातलं काय ठेवण्यासारखं आहे आणि काय खरंच टाकण्यासारखं?

खटपट्या

यादी आधी दिलीत, धन्यवाद. असे धागे दुर्मिळ.

काहीही विकत घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि नेहमीसारखं काम करा. माझा अंदाज: मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसेल. ४ जीबीत विंडोज १० आणि ब्राउजर मावत नाहीत. मग विंडोज उरलेला पसारा हार्डडिस्कवर ठेवतं, नि तुमचं रेकॉर्डिंगही त्याच डिस्कवर लिहिलं जातंय. रेकॉर्डिंग तुटतं ते या झटापटीत.

गंमत म्हणजे रेकॉर्डिंगला स्वतःला डिस्क फार वेगवान लागतच नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ याचा हिशोब सेकंदाला ५,७६,००० बाइट, म्हणजे तासाला २ जीबीच्या आसपास. ऑडॅसिटी आतून ३२ बिटमध्ये ठेवतं असं धरलं तरी तासाला पावणेतीन जीबी. सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही! तुमची म्हातारी डिस्क सरळ रेषेत याच्या शंभरपट सहज लिहील. तिला जमत नाही ते एकाच वेळी दहा ठिकाणी धावणं. प्रत्येक उडीला वाचणारं-लिहिणारं डोकं हलवून बरोबर जागी यायला दहाएक मिलिसेकंद जातात. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, डोकंच नाही, त्यामुळे तिथे हे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात आटपतं.

म्हणून दोनच गोष्टी: २.५ इंची साटा (डिस्क जोडायचं नेहमीचं पोर्ट) एसएसडी, त्यावर विंडोज आणि ऑडॅसिटी. आणि ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक, डीडीआर३-१६००. दोन यासाठी की ड्युअल चॅनल मिळेल, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरता येतील. बी८५ ला ३२ जीबीपर्यंत चालते, पण तुम्हाला १६ पुरे.

एसएसडी लावताना पोर्ट बघा. बी८५ मध्ये सहा साटा पोर्टांपैकी चार ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात. बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना तेही पाहून घ्या. नंतर बदललात तर विंडोज सुरू होताना रुसतं.

प्रोसेसरच्या नादी लागू नका. याच सॉकेटमध्ये आय७-४७९० बसतो, चार कोअर आणि आठ थ्रेड. पण ऑडॅसिटीचे बरेचसे इफेक्ट एका वेळी एकच कोअर वापरतात, तिथे जास्तीचे थ्रेड नुसते बघत बसतील.

शून्यएक

वाईटपणा घेतो. भाच्याचं निम्मं बरोबर आहे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला. पळवाटा आहेत, पण ज्या मशीनवर अशा वस्तू ठेवायच्या की ज्या परत मिळणार नाहीत, तिथे मी पळवाट वापरणार नाही. दुसरं, डीडीआर३ मध्ये घातलेला पैसा पुढच्या मशीनला उपयोगी नाही. डीडीआर४ च्या स्लॉटात ती स्टिक बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

माझ्या मते मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम नवे घ्या; कॅबिनेट, डीव्हीडी रायटर, मॉनिटर ठेवा. कार्डाच्या जागी बाहेरून लावायचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. आजचे बरे इंटरफेस तुमच्या कार्डापेक्षा कमी नाहीत, आणि पुढचं मशीन बदललं तरी तुमच्याबरोबर येतील.

कॅसेटवाली

"चर्चा नको" म्हटलं होतं. तरी मुद्देसूद लिहिलंत म्हणून उत्तर देते.

इंटरफेस वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण या कार्डाच्या लेव्हल माझ्या डेकशी जुळवून झाल्यात, विंडोज ७ च्या काळातला ड्रायव्हर अजून बिनतक्रार चालतोय, आणि निम्म्या कॅसेट याच साखळीतून उतरल्यात. उरलेल्या निम्म्या दुसऱ्या साखळीतून आल्या तर एकाच माणसाचा आवाज दोन तऱ्हेचा लागेल. कॅसेट संपल्या की घेईन हवं तर इंटरफेस.

शिवाय तुमच्या यादीतला नवा बोर्ड घेतला तर पीसीआय स्लॉट कुठून आणू?

शून्यएक

तो मुद्दा मान्य. आता नव्या बोर्डावर पीसीआय शोधत बसावं लागतं. खरं तर बी८५ मध्येही पीसीआय मुळातून नाही, तुमच्या बोर्डवाल्याने वेगळी ब्रिज चिप लावून तो स्लॉट दिलाय.

मग निदान एवढं करा: हे मशीन इंटरनेटपासून तोडा. ब्राउजर दुसरीकडे. विंडोज १० नुसतं रेकॉर्डिंगला ठेवलं, नेटवर्कची वायर काढली, की माझा अर्धा आक्षेप मिटतो. लिनक्सची तयारी असेल तर तुमच्या कार्डातली आइस१७१२ चिप लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ओळखतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लेव्हलसाठी एन्व्ही२४कंट्रोल नावाचं छोटं प्रोग्राम आहे. दिसायला ओबडधोबड, पण सगळी बटणं तिथे आहेत.

निवांत

सगळे रॅम-एसएसडीवर बोलताहेत, एसएमपीएसचं कोणी नावही घेत नाही. कॅबिनेटबरोबर आलेला, २०१४ चा! या मशीनमधला खरंच टाकण्यासारखा भाग तोच. बाकी भाग बिघडले तर स्वतःपुरते बिघडतात. हा जाताना शेजाऱ्यांना घेऊन जाऊ शकतो, तुमचं लाडकं कार्ड धरून.

त्यातले कपॅसिटर वाळत जातात, मग १२ व्होल्टच्या लाइनवर तरंग (व्होल्टेजची बारीक चढउतार) वाढतो, आणि आवाजाच्या कार्डाला तो ऐकू येतो. मल्टिमीटर असेल तर मशीन कामात असताना जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवर पिवळी आणि काळी वायर मोजा. ११.४ ते १२.६ च्या बाहेर आकडा गेला तर विषय संपला. आत आला तरी निर्धास्त होऊ नका, तरंग साध्या मीटरवर दिसत नाही. आणि एसएमपीएसचा डबा उघडून "बघू जरा" करू नका. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

नवा घेताना मोठ्या आकड्यांना भुलू नका. तुमचा प्रोसेसर ८४ वॉटचा, ग्राफिक कार्ड नाही, दोन डिस्क. पूर्ण ताणातही हे मशीन दीडशे वॉटच्या आतबाहेर राहील. चांगल्या बनावटीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), ४५० वॉटचा पुष्कळ झाला. ब्रँडेड तयार डेस्कटॉप असता तर कनेक्टर आणि आकार आधी तपासा म्हणालो असतो, कारण तिथे अनेकदा साधा एटीएक्स बसत नाही. तुमचं जोडलेलं आहे, तरी स्क्रूची चार भोकं एकदा जुळवून बघाच.

किरकिरीसाठी एक सोपी परीक्षा. डेकची वायर कार्डापासून काढा, रिकामंच रेकॉर्डिंग करा, त्याच वेळी एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा. किरकिर आली तर ती संगणकाच्या आतली. वायर लावल्यावरच आली तर डेक आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा, अर्थिंगचा फेरा (दोन यंत्रांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमुळे वायरमध्ये शिरणारा आवाज) असू शकतो.

कॅसेटवाली

केलं सगळं. मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० वर चिकटलेली. खटपट्या, तुमचा अंदाज तंतोतंत.

वायर काढूनही किरकिर येते, म्हणजे आतलीच. १२ व्होल्टच्या जागी ११.५ दिसले. मर्यादेत आहे, पण काठावर. एसएमपीएस बदलतेय.

नवी भानगड: डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्डडिस्क पिवळी दाखवते. "करंट पेंडिंग सेक्टर काउंट" शून्य नाही. साफ न केलेली मूळ रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर आहेत. आता डिस्क जशीच्या तशी क्लोन करू का?

खटपट्या

थांबा! क्लोन नको. आधी मूळ रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, बाकी काही चालू न ठेवता. पेंडिंग म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. सरसकट क्लोन करताना ती विंडोजच्या फालतू फाइल्सवर अडकून झगडत बसेल आणि तुमच्या फाइल्स रांगेत मागे राहतील. एखादी फाइल अडली तर तिथेच रेटू नका, ती सोडून पुढच्या घ्या. अडलेल्यांसाठी नंतर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बिघडलेल्या डिस्कवरून फाइल्स वाचवणारं जीएनयू डीडीरेस्क्यू चालवा. ते सोपा भाग आधी उचलतं आणि अवघड जागांशी शेवटी भांडतं. डिफ्रॅग किंवा चेकडिस्क तोवर अजिबात नको.

मग एसएसडीवर विंडोज कोरं टाका. मदरबोर्ड तोच असल्याने आधीचं ॲक्टिव्हेशन सहसा आपोआप परत येतं. रेकॉर्डिंग साठवायला नवी हार्डडिस्क. आणि प्रत दुसऱ्या ठिकाणीही.

कॅसेटवाली

कॉपी सुरू आहे, बहुतेक सगळं येतंय. दोन फाइल्स अडल्यात, त्या बाजूला ठेवल्या. त्यांच्या कॅसेट अजून माझ्याकडे आहेत.

शेवटचा प्रश्न: रॅम शोधताना ८ जीबीच्या काही स्टिक फारच स्वस्त दिसल्या, खाली बारीक अक्षरात "फक्त एएमडी बोर्डसाठी". डीडीआर३ ती डीडीआर३, मग असं का?

निवांत

त्या स्टिकवरच्या चिपची रचना वेगळी असते, ती इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला जमत नाही. बोर्ड सुरूच होत नाही किंवा निम्मीच रॅम दिसते. "सर्व्हर", "रजिस्टर्ड" लिहिलेल्याही सोडून द्या. डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टवाली, चालेल. लावल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा, एकही एरर आली तर स्टिक परत.

जुनी ४ जीबीची काढूनच ठेवा. आणि सीएमओएसची बॅटरी (बोर्डाचं घड्याळ आणि सेटिंग टिकवणारी गोल बॅटरी), सीआर२०३२, कॅबिनेट उघडलंच आहे तर बदलून टाका.