आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हॉलची भिंत : घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी (अमळनेर): हॉलचा रंग झाला एकदाचा. मोठी भिंत मुद्दाम मोकळी ठेवली आहे. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतील, त्याआधी आप्पांच्या पेटीतल्या वस्तू तिथे लावाव्यात असं ह्यांचं म्हणणं. पेटी काल उघडली. गार्डची शिट्टी, पितळी बिल्ला, पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं, एक तार, पोस्टकार्डं, फोटो, बैलाची घुंगरमाळ, जुनी चिल्लर आणि जिजींचं लग्नातलं लुगडं. कसं लावायचं ते सुचवा. बाजारातल्या फ्रेमांवर पैसे घालायचे नाहीत.

छोटू (पुणे): सोपंय. कागद सगळे लॅमिनेट करा, बाकीचं ग्लू गनने प्लायवर चिकटवा. एका दुपारचं काम.

ताई (नाशिक): छोटू, थांब बाबा. लॅमिनेशन एकदा केलं की परत निघत नाही, आणि जुना फोटो त्या गरम रोलरमधून जाताना बिघडतो. तुझ्याकडची एटीएमची पावती लॅमिनेट करून बघ, तो कागद उष्णतेनेच काळा पडतो. अख्खी काळी पट्टी हातात येईल. वहिनी, भिंत कोणत्या दिशेची?

वहिनी (अमळनेर): पश्चिमेची. बाजूच्या खिडकीत कूलर.

ताई (नाशिक): मग तर झालंच! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ती भिंत रात्रीसुद्धा हात लावू देत नाही. ग्लू गनचा गोंद तिथे ढिला पडणारच. वर कूलरची ओली हवा. दमटपणाने फोटो काचेला चिकटतात आणि कागदाला कसर लागते.

माझं म्हणणं एवढंच, की कागद आणि फोटो मूळचे पेटीत राहू द्या, भिंतीवर त्यांची नक्कल लावा. ओसरीत सावलीला ठेवून, फ्लॅश न मारता मोबाइलवर फोटो काढायचे आणि मॅट कागदावर प्रिंट मारायची. नक्कल उडाली तर दुसरी मारता येते.

मोठे काका (अमळनेर): सुप्रभात. नक्कल लावायची तर मग पेटी कशाला उघडली? लोक खरी वस्तू बघायला येतात.

आत्या (भुसावळ): दादा, लोक शेवभाजी खायला येतात. भिंत बघतं कोण!

ताई (नाशिक): काका, फक्त कागदच नकलेचे. शिट्टी, बिल्ला, नाणी खरीच लावू. आप्पांच्या टेबलाचे सागवानी खण अजून माळ्यावर आहेत ना?

मोठे काका (अमळनेर): आहेत. टेबल उधईने खाल्लं, खण शाबूत आहेत.

ताई (नाशिक): मग खणासारखी फ्रेम नाही. मूठ काढायची आणि खण उभा करायचा. तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून त्यावर धुतलेलं मांजरपाट ताणून बसवायचं. शिट्टी चिकटवायची नाही. तिच्या कडीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यात बारीक भोकं पाडा, सुईने जाड दोरा ओवा आणि मागे गाठ मारा. बिल्ल्याला मागून पिन आहेच. चिल्लरीत तो भोकाचा पैसा असेल, १९४३ ते ४७ मधला ब्राँझचा. तो त्याच्या भोकातूनच टाचा, वेगळं काही लागत नाही. तिकिटांना कागदाचे त्रिकोणी कोपरे करून त्यात अडकवा, डिंक लावू नका. मग काचवाल्याकडून मापाची काच कापून आणा आणि कडेने लाकडी पट्ट्या बारीक खिळ्यांनी ठोका. पट्ट्या काढल्या की वस्तू जशीच्या तशी हातात. भिंतीला मात्र गिट्टी ठोकून स्क्रूच लावा, खण जड होतो.

वहिनी (अमळनेर): नाणी आधी चिंचेने घासू का? फार काळी पडली आहेत.

ताई (नाशिक): अजिबात नको, घासलेल्या नाण्याची किंमत जाते. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा. उरलेली चिल्लर जुन्या मिसळणाच्या डब्यात मांडा: एका वाटीत चौकोनी पाच पैसे, एकीत नक्षीदार काठाचे दहा पैसे, एकीत चार आणे. पोरांनी चार आणे पाहिलेलेच नाहीत, २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. डबा भिंतीवर नको, टीपॉयवर राहू दे. हाताळण्यातच गंमत आहे.

छोटू (पुणे): तार कुणाची आहे?

मोठे काका (अमळनेर): तुझ्या बापाच्या जन्माची. आप्पा ड्युटीवर होते.

छोटू (पुणे): मग तिची नक्कल मलाही हवी.

आत्या (भुसावळ): आता कळलं नकलेचं महत्त्व. तारसेवाच २०१३ च्या जुलैत बंद झाली, नवी तार कुठून आणणार?

वहिनी (अमळनेर): एक फोटो काचेला चिकटलेलाच आहे. आप्पा आणि जिजी, यावलचा स्टुडिओ.

ताई (नाशिक): ओढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकटच मोबाइलवर घ्या, तिरकी सावली पडू देऊ नका. नवी प्रिंट लावताना कडेने पुठ्ठ्याची पट्टी द्या, म्हणजे काच आणि फोटोत फट राहील. फोटोंच्या मागे कोण, कुठे ते पेन्सिलीने लिहा. जिजींना विचारून आत्ताच लिहा, ते चेहरे आपल्यातलं कुणी ओळखत नाही.

वहिनी (अमळनेर): लुगड्याचं सांगा. काठ कापून भरतकामाच्या रिंगमध्ये ताणला तर छान दिसेल.

वहिनी (अमळनेर): जिजी शेजारी बसल्या आहेत. त्यांचा निरोप जसाच्या तसा लिहिते: “मन्हं लुगडं भितवर टांगू नका. मी आजून जित्ती शे.”

आत्या (भुसावळ): हाहाहा. विषय संपला.

वहिनी (अमळनेर): त्याची गोधडी शिवायची म्हणतात, पणतीसाठी. विरलेलं कापड आत, काठ वरून चारही बाजूंनी.

ताई (नाशिक): मग रिंगबिंग राहू द्या. गोधडीच करा, तोवर लुगडं सुती कापडात गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, कडुनिंबाचा सुकलेला पाला पुरे.

मोठे काका (अमळनेर): घुंगरमाळ मी दाराला बांधणार आहे. त्यात कुणी सल्ला देऊ नये.

आत्या (भुसावळ): कोण देतंय! पण चांदीचे तोडे त्या खणात घालायचा विचार असेल तर आत्ताच सांगते, नको. हॉलमध्ये येणारा-जाणारा कोण असतो सांगता येत नाही, आणि चांदी काळी पडते ते वेगळंच. जिजींचा तोडे घातलेला फोटो लावा.

छोटू (पुणे): मी शुक्रवारी येतो. ड्रिल मशीन आणू?

मोठे काका (अमळनेर): आण. आणि शिट्टी काचेआड जायच्या आधी पोरांना एकदा वाजवू द्या, नंतर कटकट नको.