जाड भिंतीच्या घरात वायफायचा डबा कुठं लावायचा?

खानापूरवाला: आमचं जुनं घर हाय, जांभ्या दगडाच्या भिंती, जवळजवळ दीड फूट जाड. फायबरवाल्यानं डबा पुढच्या सोप्यात टीव्हीच्या मागं लोखंडी कपाटावर ठेवला आणि गेला, आता माजघरात सिग्नलची एक कांडी आणि स्वयंपाकघरात काहीच नाही. वरनं आई म्हणते झोपायच्या खोलीत नको, किरणं लागतात. काय करू ओ?

टिळकवाडीकर: पहिला त्या कपाटावरनं काढा की! लोखंड सिग्नल अडवतंय, फ्रिज, आरसा, पाण्याची टाकी पण तसंच. घराच्या मधोमध, पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्या हवेत लावा, कापडानं झाकू नका, गरम होतंय. वायफायचे दोन पट्टे (बँड) असतात, ५ गीगाहर्ट्झचा जाड भिंतीत लवकर मरतोय, लांबच्या खोलीत २.४ चा वापरा, फक्त मायक्रोवेव्हपासून लांब, तो २.४ लाच गोंधळ घालतोय.

निपाणीचा पावणा: दीड फूट जांभा म्हणजे एका डब्यानं भागणार नाही बघा, माजघरापर्यंत कॅट ६ नेटवर्क केबल ओढा (१०० मीटरपर्यंत चालते) आणि तिथं ॲक्सेस पॉइंट (केबलवरनं वायफाय देणारा दुसरा डबा) लावा. एक्स्टेंडर (केबलशिवाय वायफाय पकडून पुढं पाठवणारा डबा) घेऊन मी पैसे घालवलेत, स्पीड निम्मा होतोय. आईंना सांगा, हा एक्स-रे नव्हे, ताकद पण लै कमी. माहितीपुस्तिकेत सहसा २० सेंटीमीटर अंतर लिहिलेलं असतंय, उशाला ठेवू नका म्हणजे झालं. आणि वळवाच्या विजा कडाडायच्या आधी प्लग काढा, माझा एक डबा तसाच गेला.

खानापूरवाला: कपाटावरनं काढून माजघराच्या दारावर खिळ्याला अडकवला, स्वयंपाकघरात दोन कांड्या आल्या की! केबल रविवारी ओढतो.