एल.सी. घेताना खिडकीवर भरून घेतलेला समाधानाचा फॉर्म खरा धरायचा का?

सड्यावरची:
बी.ए.चा निकाल लागला आणि एल.सी. काढायला कॉलेजात गेले. रत्नागिरी जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, नाव लिहीत नाही. नो ड्यूजच्या कागदावर ग्रंथालय, जिमखाना सगळीकडचे शिक्के झाले. खिडकीवर सांगितलं, आधी बाजूच्या कॉम्प्युटरवर विद्यार्थी समाधानाचा फॉर्म भर, मग दाखला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण द्यायचे. मागे पंधरा-वीस जणांची रांग, बाहेर धो धो पाऊस आणि पावणेपाचची एसटी गाठायची. शेजारी बसलेले काका म्हणाले, "सगळीकडे चार दे गो, पटकन होईल." मी दिले.

पहिलाच प्रश्न, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला? मी '८५ ते १०० टक्के'वर टिचकी मारली. खरं तर आमच्या अर्थशास्त्राच्या एका पेपरला तासिका तत्त्वावरचे सर मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला होता. त्यांनी रविवारीसुद्धा वर्ग घेतले, तरी दोन प्रकरणं राहिलीच. पुढे 'भौतिक सुविधा' आल्या, तिथेही चार. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला तीन वर्षं आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दाराला पाठ लावून उभं राहायचं. पाळीच्या दिवसांत मैत्रीण येणार नसेल तर मी घरीच राहायचे. हजेरीत त्या दिवसांची गैरहजेरी लागली, कारण कुठेच लागलं नाही.

कॉलेजवर माझा राग नाही. पण दाखला अडवून, ऑफिसात, माणूस शेजारी बसवून हा फॉर्म भरून घेऊ नये. दाखला हातात द्यावा आणि फॉर्म घरून, नाव न घालता भरू द्यावा. त्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे.

निवृत्त प्राध्यापक:
बाळ, दोन गोष्टींची गल्लत होते आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने २०१७ च्या नव्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं, त्यात कॉलेज फक्त विद्यार्थ्यांची यादी पाठवतं. त्यातून निवडलेल्या मुलांना नॅककडून थेट ईमेल येतो. एकवीस प्रश्न, शेवटचा मोकळा. तू भरलास तो त्यातले काही प्रश्न उचलून कॉलेजने केलेला स्वतःचा फॉर्म असणार. त्यावरून सगळी पद्धत खोटी ठरवू नकोस.

दुसरं म्हणजे, समाधान हे शिक्षणाचं माप आहे हेच मला मान्य नाही. मी निबंध तीन-तीनदा लिहून घ्यायचो. त्या वर्षी मला कोणी चार दिले नसते. दहा वर्षांनी तीच मुलं स्टँडवर भेटली की थांबून बोलतात. आणि शिक्षकांच्या जागा कॉलेज भरत नाही, त्याला शासनाची परवानगी लागते. मुलांनी रागाने शून्य टाकली की श्रेणी घसरते. ती घसरली की मुलं दुसरीकडे जातात, आणि तुकडी बंद झाली की नुकसान पुन्हा याच तालुक्यातल्या मुलांचं.

खाडीपलीकडे:
मीही यंदाच पास झालो आणि मी चार मनापासून दिले. बाबा ट्रॉलरवर खलाशी. घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. हे कॉलेज नसतं तर नालासोपाऱ्याला काकांच्या खोलीत सहावा माणूस म्हणून राहावं लागलं असतं, नाहीतर शिक्षण सुटलं असतं. ग्रंथालयातल्या मॅडम परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी अर्धा तास जास्त थांबायच्या, आणि त्यांचं घर कॉलेजपासून आठ किलोमीटर. ताई, तुझं दुःख खोटं नाही. पण 'आकड्यांना काही अर्थ नाही' म्हणालीस तेव्हा माझे खरे चारसुद्धा तू पुसलेस.

सड्यावरची:
@खाडीपलीकडे, हे मला लागलं, आणि बरोबर लागलं. पण अहवालात तुझे चार आणि माझे चार शेजारी शेजारी सारखेच दिसणार. तुझे खरे आहेत हे कोणाला कळणार कसं? माझ्यासारख्यांनी भीतीने टाकलेले चार तुझ्या चारांची किंमत घालवतात. म्हणून तर म्हणते, घरून भरू द्या.

सर, आवडनिवड मी विचारतच नाही. कडक शिकवणाऱ्या सरांना मी खिडकीवर न बसताही चार दिले असते.

वेंगुर्ल्याची आई:
माझ्या चेडवान ह्याच वर्षी बी.कॉम. केल्यान. शिकवणा बरा होता, माझी तक्रार नाय. पण शेवटची गाडी साडेपाचाक सुटता. कॉम्प्युटरचा प्रॅक्टिकल लांबला की पोरगी अर्ध्यातसून उठान पळता. अर्ध्या तिकिटाचो काय उपयोग, गाडीच नसली तर? फॉर्मात गाडयेचो प्रश्न खंय आसा? कॉलेजान डेपोक पत्र लिवला तर गाडी अर्धो तास पुढे जायत. एकट्या आवशीचा कोण ऐकता?

कुडाळ ते कलिना:
मूळ दुखणं कोणीच बोलत नाही. सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं, गडचिरोली-चंद्रपूरला २०११ मध्ये गोंडवाना. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मात्र अजून मुंबईला जोडलेले. कोकणचं वेगळं विद्यापीठ झाल्याशिवाय असले फॉर्म भरून काही हलणार नाही.

खाडीपलीकडे:
याला माझा विरोध. मुलाखतीत प्रमाणपत्रावर १८५७ चं मुंबई विद्यापीठ दिसतं, तो आमचा एकच वशिला आहे. तो काढू नका. आणि कडी बसवायला वेगळं विद्यापीठ कशाला लागतं?

निवृत्त प्राध्यापक:
कडीचं मी काल रात्रभर मनात घोळवत होतो. तीस वर्षं शिकवलं, दोनदा नॅकच्या समितीपुढे उभा राहिलो. त्या आठवड्यात आम्ही भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या. मुलींच्या बाजूचं दार आतून लागतं का, हे मी एकदाही कोणाला विचारलं नाही. समाधान म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे माझं मत कायम आहे. पण दाखला अडवून फॉर्म घेऊ नये, हे तुझं म्हणणं मला पटलं.

आता कामाचं सांगतो. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम आहेत. प्रत्येक कॉलेजात समिती हवी, तिच्यात किमान एक महिला सदस्य हवी, आणि तक्रार आल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तू आता पास होऊन बाहेर पडलीस, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या सह्या घे.

सड्यावरची:
सर, धाकटी बहीण दुसऱ्या वर्षालाच आहे. अर्ज आजच लिहिते. कडी, बाहेरचा दिवा आणि फॉर्म घरून भरायला मिळावा, एवढ्या तीनच मागण्या. सोमवारी ती प्राचार्यांकडे देईल.

वेंगुर्ल्याची आई:
गाडयेचा पण घाल गो.

सड्यावरची:
घातलं, काकू. चौथी मागणी.

निवृत्त प्राध्यापक:
अर्जाच्या दोन प्रती करा. दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का मारून घ्यायला तिला सांग, त्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.